आर्नेच्या कपाटातल्या सात रायफली

लेरॉय हौतालाकडे सहा रायफली होत्या, आणि त्यातल्या कोणत्या दोन कॅम्पवर न्यायच्या याचा विचार तो ऑगस्टपासून सुरू करायचा. त्याची बायको मेबल सांगत फिरायची, की मला मागणी घालताना या माणसाने एवढा विचार केला नव्हता.

वरच्या मिशिगनात हरणांचा मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, खाणीवर निम्मी माणसं गैरहजर, आणि पंधरा तारीख रविवारी आलीच तर पाद्रीबुवा प्रवचन आदल्या दिवशीच उरकून घेतात, कारण त्यांचीही रायफल तेल घालून तयार असते. हौताला मंडळींचा कॅम्प म्हणजे बापाने जंगलात ओढ्याकाठी बांधलेली एक खोली, एक शेगडी आणि मागे वाफेच्या अंघोळीची सौना. बाप गेल्यावर कॅम्प दोघा भावांत सामाईक राहिला. बापाची जुनी, आखूड रायफल थोरल्या आर्नेकडे गेली. लेरॉयच्या वाट्याला होडी आली, आणि ती पुढच्याच उन्हाळ्यात बुडाली.

आर्ने दर वर्षी कॅम्पवर दोन रायफली आणायचा. एक शिकारीची, दुसरी बापाची. बापाची रायफल शेगडीजवळच्या दोन खिळ्यांवर पाच दिवस टांगलेली असायची, आणि एकही बार न काढता परत जायची. हा सगळा खटाटोप आपल्याला खिजवण्यासाठी आहे, हे लेरॉयने पहिल्याच वर्षी ताडलं होतं. मग पहिल्या संध्याकाळी जेवताना तो काहीतरी बोलायचाच. एका वर्षी त्याने म्युझियमचं तिकीट कितीला ते विचारलं. एका वर्षी म्हणाला, पुढच्या खेपेला मी तळ्यातून होडी काढून आणतो, तीही टांगू. आर्ने खाली मान घालून जेवायचा. अशी वीस वर्षं गेली.

त्या एप्रिलात दारातलं बर्फ उपसताना आर्ने बसला तो उठलाच नाही. ऑक्टोबरात त्याच्या बायकोचा, लेम्पीचा, लेरॉयला फोन आला. यंदा त्याच्या जागी मी कॅम्पवर येणार, ती म्हणाली. कपाटात सात रायफली आहेत, त्यातल्या कोणत्या आणू ते तू येऊन सांग. यातलं तुला जेवढं कळतं तेवढं इथे कुणाला कळतं?

हे शेवटचं वाक्य लेरॉयला फार आवडलं. त्याने तीन दिवस बेत रचला. बापाची रायफल सरळ मागायची तर वीस वर्षं आपल्याला ती हवी होती हे कबूल केल्यासारखं होतं. त्यापेक्षा तिला इतकी नावं ठेवायची, की लेम्पीच म्हणेल, बाबा रे, एवढी घेऊन जा. मग आपण थोडे आढेवेढे घ्यायचे.

लेम्पीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोंगडी पसरून सातही रायफली ओळीने मांडल्या होत्या. लेरॉयने मेबलने दिलेला वेलदोड्याचा पाव बाजूला ठेवला आणि एकेक रायफल उचलून बोलायला लागला. लेम्पी चष्मा लावून एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होती. बापाची सोडून बाकीच्या सहांबद्दल तो अगदी प्रामाणिकपणे बोलला. तू आर्नेच्याच जागी, तोडलेल्या रानाच्या कडेला बसणार, समोर दोनशे पावलं मोकळं आहे, तेव्हा ही लांब नळीची, दुर्बीण लावलेली घे. जड आहे, पण टेकवून बसायचं तर जडच बरी, हलत नाही. जोडीला ही हलकी, समजा दुर्बिणीवर बर्फ बसलं तर. लेम्पीने दोन्हींपुढे खुणा केल्या.

"आणि ही?" तिने विचारलं.

लेरॉयने बापाची रायफल उचलली. बापाच्या हाताने गुळगुळीत झालेला दस्ता त्याच्या तळव्यात बरोबर बसला. ती उघडून त्याने खिडकीच्या उजेडात नळीतून पाहिलं. नळी आतून आरशासारखी स्वच्छ होती.

"नळी गेलीय," तो म्हणाला.

"गेलीय म्हणजे?"

"म्हणजे नेम लागणार नाही. लागला तर नशीब. आणि एखादं काडतूस आत फुटलं तर तोंड भाजेल. आर्ने वापरत नव्हता ते उगीच नाही."

"मग उपयोग काय हिचा?"

"भिंतीवर टांगायला."

"बरं," म्हणून लेम्पीने तेही लिहून घेतलं. आता ती 'मग हिचं करू काय' असं विचारेल, म्हणून लेरॉय थांबला. तिने कॉफी ओतली आणि पाव फार छान झालाय असं मेबलला सांगायला सांगितलं. हरकत नाही, त्याने मनाशी म्हटलं, कॅम्पवर विषय काढू.

चौदा तारखेला दुपारी लेम्पी कॅम्पवर आली. तिच्या गाडीत दोनच रायफली होत्या, लेरॉयने सांगितलेल्या. चुलतभाऊ नेस्टर आधीच येऊन शेगडी पेटवून बसला होता. तिने घरून आणलेल्या, मटण-बटाटा भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या गरम केल्या आणि तिघं जेवायला बसली. शेगडीजवळचे खिळे रिकामे होते. लेरॉयने अर्धी पेस्टी संपेपर्यंत दम धरला.

"ती जुनी घरीच ठेवलीस वाटतं," तो सहज बोलल्यासारखं बोलला.

"ती गेली," लेम्पी म्हणाली. "अग्निशामक दलाच्या सोडतीला बक्षीस म्हणून दिली. परवाच सोडत झाली. तळ्याकाठी उन्हाळ्यात येतो ना तो इलिनॉयचा माणूस, त्याला लागली. खूश झाला. भिंतीवर टांगणार आहे."

लेरॉयने हातातली पेस्टी बशीत ठेवली.

"तुला सांगायचं राहिलंच," लेम्पी पुढे म्हणाली. "आर्ने दर वर्षी ती इथे तुला द्यायला आणायचा. शेवटच्या दिवशी देतो म्हणायचा. पहिल्याच संध्याकाळी तू काहीतरी बोलायचास, आणि मग पाच दिवस त्याच्या जिवावर यायचं. घरी आला की ती परत कपाटात ठेवायचा, आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी."

सौना बघून येतो म्हणून नेस्टर उठला. सौना तासाभरापूर्वीच तापली होती.

लेरॉय बशीकडे बघत म्हणाला, "नळी चांगली होती."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"आर्नेचा खांदा गेल्यापासून त्याच्या सगळ्या रायफलींचा नेम खडीच्या खाणीत मीच तपासायचे. नऊ वर्षं झाली. ती तर सगळ्यात सरळ मारायची. पन्नास पावलांवर कॉफीच्या डब्याच्या झाकणात तीनपैकी तीन."

"मग देऊन का टाकलीस?"

"टेबलावर ती सगळ्यात शेवटी ठेवली होती. तू तिच्याबद्दल एक शब्द बरा बोलला असतास, तर तिथूनच उचलून तुझ्या हातात दिली असती. आर्नेने वीस वर्षं वाट बघितली लेरॉय. मला एक सकाळ पुरली."

लेरॉयला राग आला. इलिनॉयच्या माणसांबद्दल, विधवांबद्दल आणि अग्निशामक दलाबद्दल असं एक झणझणीत वाक्य त्याच्या जिभेवर तयार झालं. ते चांगलं होतं. आर्ने असता तर ते नक्की बाहेर आलं असतं. त्याने ते गिळलं आणि वर उरलेली पेस्टी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो आपल्या जागी जाऊन बसला. तीन महिने विचार करून निवडलेली रायफल मांडीवर होती. पुढ्यात खारी आल्या, एक कोल्हा येऊन गेला. साडेनऊच्या सुमाराला तोडलेल्या रानाकडून एकच बार ऐकू आला. लेरॉय दुसऱ्या बारासाठी कान देऊन बसला. तो झाला नाही, म्हणजे पहिल्यातच हरीण पडलं, हे ओळखून लेरॉय उठून तिकडे निघाला.

आठ टोकांच्या शिंगांचा नर पडला होता. लेम्पी त्याच्याजवळ उभी होती. लेरॉयने तिच्या बसायच्या जागेपर्यंत पावलं मोजली. एकशे ऐंशी भरली.

"तू म्हणालास ते खरं," ती म्हणाली. "जड रायफल हलत नाही."

पुढचं काम मात्र तिने कधी केलेलं नव्हतं. लेरॉयने सुरी काढली आणि पोट कुठून उघडायचं, कशाला धक्का लावायचा नाही, ते एकेक दाखवत गेला. ती बाही वर करून मध्येमध्ये हात घालत होती. मग शिंगांना दोर बांधून दोघांनी दोन बाजूंनी ओढायला सुरुवात केली. बर्फावरून हरीण बरं सरकत होतं, पण ओढ्याच्या अलीकडचा चढ लागला तसा दोघांनाही दम लागला.

"या चढावर आर्ने नेहमी थांबायचा," लेरॉय म्हणाला. "खाली वाकून म्हणायचा, थांब, कुणाचे तरी ठसे दिसतायत. ठसेबिसे काही नसायचे. दम लागलाय असं म्हणायला लाज वाटायची त्याला."

"घरी जिन्यात थांबून भिंतीचा रंग बघायचा," लेम्पी म्हणाली.

तिने दोर खाली टाकला, गुडघ्यांवर हात टेकले आणि समोरच्या कोऱ्या बर्फाकडे टक लावून बघायला लागली. लेरॉयही तिच्या शेजारी वाकून बघत राहिला.