आईचा मोगरा आणि ताजं शेण

आमच्या ह्यांनी कृषी खात्यात बत्तीस वर्षं काढली, पण आस्थापना शाखेत. रजेचे अर्ज आणि सेवापुस्तकं सोडली तर मातीशी संबंध आला तो चपलेपुरता. निवृत्तीनंतर अकोल्याला सेंद्रिय खताचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आमच्या अमरावतीच्या कॉलनीत एकदम तज्ज्ञ झाले. खत कुजवण्याचं व्याख्यान जेवणानंतर होतं. जेवणानंतर हे कुठेही झोपतात.

कॉलनीकरांसमोरच्या पहिल्या प्रात्यक्षिकासाठी ह्यांनी निवडला माझा मोगरा. अचलपूरहून आईने एसटीत कुंडी मांडीवर धरून आणलेला. आई गेली, तिच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलंय.

भातकुलीचे पुंजाजी टेम्पोतून शेणखत विकायला येतात. त्यांनी मूठभर काळं, भुसभुशीत खत ह्यांच्या हातावर ठेवलं. ह्यांनी ते हुंगलं.

"वासच नाही येत ह्याले. किती जुनं आहे?"

"दीड वर्साचं हाय, सायेब. माती मऊ करते, पानी धरून ठेवते, झाडाले हळूहळू जेवू घालते."

"म्हणजे मुदतबाह्य! मले ताजं पाहिजे."

"ताजं शेन गरम पडते, सायेब. झाडाच्या मुया जयतीन."

हे नुसते हसले. प्रशिक्षण कोणी घेतलं होतं? मागच्या गोठ्यातून पाटीभर ताजं शेण आलं, कुंडीत थापलं गेलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

आठ दिवसांत पानं करपली. ह्यांचं निदान, "नळाच्या पाण्याचा दोष." माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, हातांनी सगळं शेण उपसलं, माती बदलली, पुंजाजींचं जुनं खत मिसळलं. महिन्याभरात नवे फुटवे आले, चार कळ्यासुद्धा. इतका आनंद मला नातू झाला तेव्हाच झाला होता.

ह्यांनी लगेच कॉलनीची सभा बोलावली. "पाहा ताज्या शेणाची किमया! येत्या रविवारी ह्याच झाडाले दुसरी मात्रा."

मी उभी राहून खरं काय ते सांगितलं. हे शांतपणे कॉलनीच्या सचिवांकडे वळले. "इतिवृत्तात लिहा, घरच्यांचे सहकार्य लाभले."

शनिवारी पुंजाजी आले तशी मी कुंडी त्यांच्या टेम्पोत ठेवली.

"भाऊ, हा तुमच्या अंगणात राहू द्या. इथं नाही जगत हा."

"सांभाळतो, ताई. फुलं आले का आनून देतो."

टेम्पो वळणाआड गेला तरी माझं रडू थांबेना. हे फाटकाशी आले, कुंडीची रिकामी जागा पाहिली.

"देऊन टाकली?" म्हणाले. "पोच घेतली का?"