रिकाम्या पोटाची हंडी

मित्रांनो, रिकामं पोट ही काही कुणी मिरवायची गोष्ट नाही. माझं मात्र सगळं आयुष्य त्यावरच चाललं. मी एक जुनी काचेची हंडी आहे, देवळातल्या घंटेच्या आकाराची, उपडी ठेवायची. पंपाने माझ्या पोटातली हवा ओढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत प्रयोग करायचे, हे माझं काम. नाशिकच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली.

जन्म मुंबईचा. भट्टीतून काचेचा लालभडक गोळा निघाला आणि एका कारागिराने नळीतून फुंकर घालून मला फुगवलं. मग सावकाश थंड होऊ दिलं, कारण काचेला घाई सोसत नाही. एकोणीसशे बहात्तर साली पेंढा भरलेल्या खोक्यात बसून मी नाशिकरोडला उतरले आणि टांग्यातून जीव मुठीत धरून कॉलेजात पोचले. इतका थाटमाट झाला, आणि पुढे काम काय? वर्षातून एकदा माझ्या पोटात विजेची घंटा ठेवायची आणि हवा काढली की तिचा आवाज बंद होतो, हे मुलांना दाखवायचं. बाकी वेळ कपाटात धूळ खात पडायचं. मला फार वाईट वाटायचं.

मग पदार्थविज्ञान शिकवायला सुमनबाई आल्या आणि माझे दिवस पालटले.

सुमनबाई मनमाडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील रेल्वेत सांधेवाले होते. रूळ बदलताना क्षणभर चुकलं तर काय होतं, हे ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, म्हणून की काय, कामात अंदाजपंचे काही चालायचं नाही. आल्या आल्या त्यांनी मला कपाटातून काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "अगं, तू इथे काय करतेस?" असं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

त्यांना एक चिकट पदार्थ बनवायचा होता. उपग्रहातल्या कॅमेऱ्याची भिंगं त्याने जागच्या जागी धरून ठेवायची. तुम्ही म्हणाल, डिंकच ना, त्यात काय एवढं? पण वर हवा नाही आणि ऊन कडक. तिथे साध्या डिंकातून वाफ सुटते आणि नेमकी भिंगावर जाऊन बसते. मग कॅमेरा आंधळा. म्हणून बाई आपल्या डिंकाचा ठिपका माझ्या पोटात विजेच्या छोट्या शेगडीवर तापवायच्या, शेजारी काचेची थंड पट्टी ठेवायच्या आणि हवा काढायच्या. पट्टीवर धुकं धरलं की डिंक नापास. किती डिंक नापास झाले म्हणून सांगू! वर्षांमागून वर्षं गेली. बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि पुढे सत्तरचं दशक संपता संपता एका डिंकाची पट्टी लख्ख निघाली. पुन्हा केली, पुन्हा लख्ख. अवकाश केंद्राचे साहेब दिवाळीआधी येऊन स्वतः परीक्षा पाहणार होते. डिंक पास झाला तर उपग्रहात जाणार, नाहीतर इतक्या वर्षांचं काम तिथेच थांबणार होतं.

आता मल्हारीमामांची ओळख करून देते. ते आमचे शिपाई, देवळ्याकडचे. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती हे त्यांचं ठरलेलं. बाई पूजा करत नसत, पण मामांना कधी अडवतही नसत. त्या वर्षी मामांचा उत्साह उतू गेला. साहेब यायचे, तर हंडी कशी झळकली पाहिजे! त्यांनी मला पुसलं, कुंकू लावलं, आणि मी ज्यावर टेकते त्या रबरी कड्याला खोबरेल चोळलं. कडं काळंभोर चमकायला लागलं. मीही खूश झाले. दागिना घातल्यासारखं वाटलं मला.

दसऱ्यानंतर बाईंनी पुन्हा एकदा डिंक तापवला. हवा आत सोडून मला उचललं, पट्टी उजेडात धरली आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. पट्टीवर धुकं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंचा चेहरा इतका उतरला की मला पाहवेना.

शेजारच्या वर्गावरचे जयरामसर म्हणाले, "बाई, दसऱ्याआधीच्या पट्ट्या स्वच्छ आहेत ना? त्याच दाखवा. साहेबांना कुठे कळणार आहे?"

"साहेबांना नाही कळणार," बाई म्हणाल्या, "पण वर भिंगावर धुकं बसलं, तर ते पुसायला कोण जाणार आहे, सर?"

बाईंनी मग एक वेगळंच केलं. माझ्या पोटात डिंक ठेवलाच नाही. नुसती शेगडी तापवली, पट्टी ठेवली, हवा काढली. पट्टीवर धुकं आलं! म्हणजे दोष डिंकाचा नव्हता, माझ्यातच काहीतरी होतं. मित्रांनो, लाजेने माझं पाणी पाणी झालं. बाईंनी माझ्या रबरी कड्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि हाक मारली, "मामा, जरा इकडे या."

मामा आले. बाईंचं बोट पाहिलं आणि पांढरेफटक पडले. "बाई, म्या लावलं खोबरेल. रबर लय कोरडं पडलं व्हतं. म्हटलं, जरा तेलपाणी केलं म्हंजी बरं. माझ्यामुळं तुमचं समदं बुडालं का हो?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. मग हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "मामा, बुडालं नाही, वाचलं! माझा डिंक चांगला आहे. तुमचं खोबरेल तेवढं वाईट."

नवं कडं आलं. बाईंनी मला आतून बाहेरून धुतलं, सुकवलं. साहेब आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. पट्टी लख्ख निघाली. तरी बाईंनी धुक्याच्या पट्ट्याही त्यांच्यापुढे ठेवल्या आणि खोबरेलाची सगळी हकिगत सांगितली. मामा दाराआड अंग चोरून उभे होते. साहेब बराच वेळ त्या खराब पट्ट्याच पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगल्या पट्ट्या सगळेच दाखवतात, बाई. तुमचा डिंक आम्ही घेतला."

पुढच्या खंडेनवमीला मामा फुलं घेऊन आले ते लांबच थांबले. बाईंनीच त्यांना जवळ बोलावलं. "मामा, पूजा करा ना. बाहेरची काच तुमची, आतली माझी." आणि तेव्हापासून तोच आमचा रिवाज झाला.

उपग्रह वर गेला. त्याने काढलेला फोटो वर्तमानपत्रात आला, तेव्हा बाईंनी तो टेबलावर पसरला. मामांनी वाकून पाहिलं. "ह्याच्यात आमचं देवळा गाव कुठं हाय?" बाईंनी एका करड्या डागाजवळ बोट ठेवलं. "इथे कुठेतरी." मामा म्हणाले, "स्वच्छ दिसतंय हो, बाई." त्या दोघांचे चेहरे पाहून मला भरून पावल्यासारखं वाटलं.

पुढे पोलादी टाकीचं नवं यंत्र आलं. माझी रवानगी खिडकीतल्या फळीवर झाली. मामा निवृत्त झाले, बाई विभागप्रमुख झाल्या. थोडे दिवस मी रुसले होते, खोटं कशाला बोलू? पण खिडकीत ऊन छान येतं, आणि बाई येता-जाता माझ्यावर टिचकी मारतात. मी खणखणीत उत्तर देते. काही तक्रार नाही माझी.

एकच मागणं आहे. मामांची माझ्यावर माया होती, आणि त्या मायेनेच बाईंची इतक्या वर्षांची मेहनत जवळजवळ पाण्यात गेली होती. तेव्हा मित्रांनो, तुम्हाला एखाद्या वस्तूची काळजी घ्यावीशी वाटली, तर जरूर घ्या. मलासुद्धा पुसावंसं वाटलं तर खुशाल पुसा. फक्त त्याआधी कुणाला तरी विचारा, "हिला कशाने पुसू?"