खालची हवा

कारभारीनं विहिरीत सोडलेला कंदील पंधराव्या हातावर विझला. त्यानं तो वर ओढून पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

"त्या मास्तरला सांग," तो बायकोला, वच्छलाबाईंना म्हणाला, "खाली हवा वाईट हाय. लिंबाचा डहाळा दोराला बांधून तासभर घुसळावं लागंल."

मास्तर, म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ बद्रीनाथ, तीन हातांवर उभा होता. पण विहिरीचा दावा लागल्यापासून दोघांचं बोलणं वच्छलाबाईंमार्फत चाले. मनाईहुकुमानं तीन वर्षं झाकलेली विहीर आज उघडली होती. कोर्टानं पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. हवेबद्दल निकालात काही नव्हतं. पहिली पाळी बद्रीनाथची. त्याच्या मोसंबीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या आणि मोटारीच्या पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह खाली गाळात रुतला होता; तो मोकळा करायला उतरावं लागणार होतं.

"वैनी, सांगा त्यांना, घुसळत बसून माझी पाळी घालवायचा डाव कळतो मला." बद्रीनाथ औरंगाबादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, एवढ्यावर थांबणं त्याला जमलं नाही. "वाईट हवा होती ती अडीचशे कोटी वर्षांमागं. ज्वालामुखींनी ओकलेली. मग पाण्यातल्या निळ्या शेवाळानं प्राणवायू सोडला. सोडतच राहिलं. आज हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू आहे. सगळीकडं. आपल्या पाचोडलासुद्धा."

"शेवाळाला इचार म्हणावं, आमच्या हिरीत कवा येतंय."

"कंदिलात तेल नसंल, म्हणावं."

"दोर बांधल्याबिगर उतरू देणार नाय मी," वच्छलाबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

दोर धरायला कारभारीशिवाय कुणी नव्हतं. बद्रीनाथचं काही झालं तर विहीर कुणाची, हे तिघांनाही ठाऊक होतं. कारभारीनं दोराचा वेढा मनगटाला घेतला.

बद्रीनाथ पायऱ्या उतरत गेला. खालून आवाज येत होता. "बघा, काही नाही. सगळीकडं हवा सारखीच..."

मग आवाज आला नाही.

कारभारीनं काठाच्या दगडाला पाय लावला आणि ओढलं. तळहाताची सालटं दोरावर राहिली. बद्रीनाथ काठावर आला तेव्हा ओठ निळे होते. थोड्या वेळानं तो खोकला, आणि मग अधाशासारखा श्वास घ्यायला लागला.

"सांग त्याला," भावाची गचांडी धरून कारभारी बायकोवर ओरडला, "मरायचं तर कोर्टात जाऊन मर. परवापास्नं ह्यातलं पाणी प्यायचंय मला."

वच्छलाबाईंनी निरोप पोचवला नाही. दोघांच्या मध्ये आता तेवढी जागाच नव्हती.