जमनामावशीची पाटी कुठं ठेवायची

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची कायमची बंदी केली. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईला जमिनीवर बसू नका म्हणणं म्हणजे धंद्याला कुलूप लावा म्हणण्यासारखंच. ही बंदी आईने आळीत कोणाला सांगू दिली नाही. ती चिंचणीच्या घरात खुर्चीवर बसून राहायची आणि माझ्या जेवणाला नावं ठेवायची. माझा स्वयंपाक इतका वाईट नाही. तिला बाजार हवा होता, आणि तो घरी आणून द्यायचा तर ऑनलाइन दुकान काढण्यावाचून मला दुसरं काही सुचेना.

मी एमआयडीसीतल्या एका पॅकिंगच्या कंपनीत कोटेशनं बनवते. वेबसाइट कधी बनवली नव्हती, पण येत नसलेल्या कामात उडी मारायची माझी जुनी खोड. आधी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट म्हणजे कसं, तर लग्नाचा हॉल फुकट, आणि खुर्च्या, आचारी, वाजंत्री तुमचे तुम्ही आणा. पैसे घ्यायची सोय वेगळी जोडायची, कुरिअरची वेगळी, आणि एक जोडलं की दुसरं बंद पडणार. वैतागून सोडून दिलं.

मग भाड्याचं एक मिळालं. दिसायला काय देखणं! फोटो टाका, नाव टाका, भाव टाका, दुकान तयार. त्यांच्या नमुन्यात साबण आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. त्या जागी सुकट बसवली तर तीही नटून बसल्यासारखी दिसायला लागली. आणखी एक होतं, त्यात एकाच दुकानात कितीही विक्रेते बसवता येत होते, प्रत्येकाचा माल वेगळा आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात. पण ते दिसायला रूक्ष आणि शिकायला महाकिचकट.

देखणं दुकान मी आईला दाखवलं. तिने फोन नाकाजवळ धरून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यात जमनाची पाटी कुठं ठेवायची?"

जमनामावशी आमच्याच आळीतली. मी जन्मायच्या आधीपासून बाजारात आईच्या शेजारी बसते. दोघींचा रिवाज असा, की एकीचा जवळा संपला तर गिऱ्हाईक दुसरीच्या पाटीवर ढकलायचं. एक आजारी पडली की दुसरी तिचाही माल विकते. कुठला बोंबील कोणी सुकवला, हे त्यांनी एकमेकींना कधी विचारलं नाही. भांडतात मात्र रोज.

"आई, हे आपलं दुकान आहे. मावशीला हवं तर ती वेगळं काढेल," मी म्हटलं.

"वेगळं? आमी कवा वेगळ्या बसलो?" आई म्हणाली. "बघ उन्नती, दुकान नाय झालं तरी चालंल. पण जमना तुटली तर मला नाय चालायचं."

मी हो हो म्हटलं आणि देखणंच घेतलं. ते किचकट शिकायला वेळ कोणाकडे होता?

फोटोसाठी घरात बोंबीलच नव्हते. आई खुर्चीवर, मग सुकवणार कोण? मी किनाऱ्यावर गेले आणि मावशीच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगलेल्या बोंबलांचे फोटो काढून आणले. तिचा माल म्हणजे आमचाच माल, हेच मी लहानपणापासून बघत आले, त्यामुळे विचारायचं मनातही आलं नाही. फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत आईचं नाव लिहिलं, 'पुष्पलताबाईंची सुकी मासळी'.

रविवारी मावशी नेहमीसारखी चहाला आली. मी कौतुकाने फोन पुढे केला.

"हे बोंबील माजे हायत," ती म्हणाली.

"हो ना! काय झकास आलेत बघ!"

तिने फोटो बघितला, मग आईकडे बघितलं. "म्हंजे दुकान झालंच," म्हणाली आणि चहा न घेताच निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईने निरोप धाडला, तर बाजारात काम हाय, एवढंच उत्तर आलं. आईने माझ्या जेवणाला नावं ठेवणंही सोडलं, तेव्हा मात्र मी घाबरले.

ते देखणं दुकान मी बंद करून टाकलं. ऑफिसातून आले की किचकट सॉफ्टवेअर शिकायला बसायचे, त्याला शिव्या द्यायचे आणि पुन्हा बसायचे. अखेर एका पानावर दोघी शेजारी शेजारी आल्या, आई आणि मावशी, आणि बोंबील मावशीच्या नावावर गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बोईसरचा बाजार गाठला.

मावशी तिच्या जागेवर होती. शेजारी, आईच्या जागेवर, धुतलेलं पोतं अंथरून वर पाण्याची बाटली ठेवली होती. बेटेगावची एक भाजीवाली तिकडे सरकायला बघत होती आणि मावशी तिच्यावर खेकसत होती, "तिथं बसायचं नाय! बाई येनार हाय."

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. "मावशी, चुकलं माझं. हे बघ, आता तुझे बोंबील तुझ्याच नावावर टाकलेत."

"नावाचं काय घेऊन बसलीस? सगळ्या वलांडीचे फोटो काढ, माजं काय जातंय?"

"मग रागावलीस कशाला?"

"दुकान फोनात गेलं," ती म्हणाली. "म्हंजे पुष्पी बाजारात परत येनार नाय. ती मला सांगत नाय. विचारलं का म्हनते, पाय बरा होऊ दे, बघू. तू सांग. येनार का नाय?"

सॉफ्टवेअरबद्दल काय काय सांगायचं ते मी वाटेत घोकत आले होते. त्यातलं काही कामाला आलं नाही.

"नाही येणार, मावशी. डॉक्टर कायमचं नाही म्हणालेत."

मला रडू आलं. मावशी रडली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाला तिने जवळा मापून दिला, सुटे पैसे परत केले. "रविवारी येते म्हनून सांग तिला," ती म्हणाली. "तवा बघू तुजं दुकान." मग तिने बाटली उचलली, पोत्याची घडी करून मांडीखाली घेतली आणि भाजीवालीला हाक मारली.

"ये गो, बस. जागा रिकामी हाय."

भाजीवालीने जमिनीवर पाणी शिंपडलं आणि मेथीच्या जुड्या मांडायला घेतल्या. मासळीचा वास जात नाही म्हणून तिने पुन्हा पाणी मारलं.

"जायचा नाय तो," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली. "लय वर्षांचा हाय."