दुपारी न उघडायचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. बर्चच्या लाकडाचं, दोन दारांचं, सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या गावातलं. सध्या मी एका गॅरेजात बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारी उभं आहे. इथं बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

मला इर्याच्या वडिलांनी तिच्या लग्नासाठी बनवलं. फिनलंडहून आलेले सुतार ते, बोलण्यात कंजूष आणि रंधा मारण्यात उदार. सेहेचाळीस वर्षं माझ्यात इर्याचे कपडे होते. पाहुणे आले की ती माझं दार उघडून दाखवायची आणि म्हणायची, "बघा, एकसुद्धा खिळा नाही!" तेव्हा मला फार बरं वाटायचं.

इर्या गेली. तिचा नवरा वेइक्को कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. त्यानं वर्षभर तिच्या कपड्यांना हात लावला नाही. फक्त रोज दुपारी, माशाचं सूप पिऊन झालं की यायचा, माझं दार उघडायचा, पाच मिनिटं उभा राहून इर्याच्या कपड्यांशी बोलायचा आणि बंद करून जायचा. दिवसभरात त्याचं एवढंच काय ते बोलणं, आणि माझंही.

इर्याची धाकटी बहीण सिल्वी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. संधिवातानं तिची बोटं इतकी वाकली होती, की स्वतःच्या कोटाची बटणंही तिला लावता येत नव्हती. कुणीतरी तिला गांजाच्या फुलांचं मलम दिलं. डॉक्टर म्हणाले, लावून बघा, पण फार आशा धरू नका. ते चोळून तिला झोप लागू लागली आणि नेमकी तेव्हाच डबी संपली. वेइक्को म्हणाला, "मी पिकवतो." आमच्याकडे घरात चार रोपं लावायला कायद्याची आडकाठी नाही. पण बाहेर सप्टेंबरातच दव गोठतं, म्हणून रोपांसाठी घरातली जागा शोधली गेली आणि ती जागा म्हणजे मी.

इर्याचे कपडे चार खोक्यांत भरून सिल्वीकडे गेले. वेइक्कोनं मला आतून पांढरा रंग दिला, छताला दिवा टांगला आणि हवा खेळावी म्हणून पाठीला दोन भोकं पाडली. सासऱ्यानं ज्याला खिळा लावला नाही, त्याला जावयानं भोकं पाडली! मला फार वाईट वाटलं.

पहिली रोपं बुडाली. इर्याची आठवण आली की वेइक्को पाण्याची झारी उचलायचा, आणि आठवण तर दिवसातून दहादा यायची. मुळं कुजली. सिल्वी म्हणाली, "भाऊजी, रोपं आहेत ती, बदकं नव्हेत!" मग तो मातीत बोट खुपसून, कोरडी लागली तरच पाणी घालायला शिकला.

दुसऱ्या खेपेला रोपं छान वाढली आणि फुलायला आली. मित्रांनो, या झाडाला फुलताना बारा तास उजेड लागतो आणि बारा तास सलग काळोख. आमच्याकडच्या रात्री भयंकर थंड, तेव्हा दिव्याची ऊब मिळावी म्हणून वेइक्को रात्री दिवा लावायचा. काळोख दिवसा. त्या वेळात दार अजिबात उघडायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुपारी सूप संपलं की त्याचे पाय आपोआप माझ्याकडे वळायचे. "पाचच मिनिटं हं," असं रोपांना सांगून तो दार उघडायचा. बर्फ किती पडला, गुडघा किती दुखला, सगळं सांगायचा. मी दार घट्ट धरून ठेवायला हवं होतं, पण खरं सांगू? मीही दुपारची वाट बघत असे.

रोपं बिथरली. मादी झाडांवरच नराची फुलं फुटली आणि सगळ्या पिकात बी धरलं. बी धरलं की मलमाला लागणारी राळ नीट धरत नाही. सिल्वीनं एक फूल तळहातावर चोळलं, तर हातात नुसते दाणेच आले.

"हे काय पिकवलंत भाऊजी? पोपट पाळताय की काय?"

"बियाणंच वाईट निघालं."

"बियाण्याला नावं ठेवू नका. काळोखाच्या वेळी दार उघडत होतात ना?"

वेइक्को खाली बघत म्हणाला, "दुपारी. कपडे होते तेव्हाही उघडायचो गं. सवय झालीय."

"मग मला फोन करायला काय झालं होतं?"

"तुला कशाला त्रास?"

"त्रास म्हणे! अहो, मीही दुपारी भिंतीकडे बघतच सूप पिते. उद्यापासून बाराला माझ्याकडे यायचं. राईचा पाव असतो घरात, पण कापायचा तुम्ही. माझ्याच्यानं सुरी धरवत नाही."

तिसऱ्या खेपेला सुरुवातीचे काही दिवस वेइक्को कोट चढवून माझ्यासमोर यायचा, दाराच्या मुठीवर हात ठेवायचा आणि काढून घ्यायचा. पुढं पुढं तो थेट बाहेरच जायला लागला. काळोख अखंड राहिला. फुलं टपोरी झाली, त्यांच्यावर चिकट राळ धरली. सिल्वीला घाई झाली होती, पण वेइक्को संध्याकाळी भिंग लावून बघायचा आणि म्हणायचा, "राळ अजून काचेसारखी आहे. दुधाळ होऊ दे." मग एके दिवशी त्यानं फांद्या कापल्या आणि माझ्याच दांडीवर उलट्या टांगून दहा दिवस सावकाश वाळवल्या. पिकात एकही बी नव्हतं.

त्या हिवाळ्याच्या शेवटी सिल्वीनं कोटाच्या चारांपैकी दोन बटणं स्वतः लावली. मलमानं की रोजच्या सोबतीनं, ते मला ठाऊक नाही. उरलेली दोन वेइक्कोनं लावली.

पुढच्या वर्षी दोघांनी म्हाताऱ्यांच्या वसाहतीत शेजारीशेजारी खोल्या घेतल्या. तिथं मला जागा नव्हती. घर विकलं गेलं आणि नव्या मालकानं मला इथं आणून ठेवलं. निघताना वेइक्कोनं माझ्यावरून हात फिरवला. भर दुपार होती, सिल्वी बाहेर गाडीत वाट बघत होती. त्यानं दार उघडलं नाही. त्याची सवय मोडली होती, आणि ती मोडण्यातच त्याचं भलं होतं.

मित्रांनो, जीव लावलेल्या गोष्टीला सारखं उघडून बघू नये, हे मला शिकायला मिळालं. तुम्हीही शिका, तुमची रोपं जगतील. पण माझ्यासारखं एखादं रिकामं कपाट कुठं दिसलं, तर त्याला हा नियम लावू नका. माझ्यात आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. केव्हाही उघडा.