लुकानियाचं नाव

जानेवारीत घरचं डुक्कर कापलं की मांस चिरून, त्यात मीठ, लाल मिरची, रानबडीशेप घालून ते आतड्यात भरून सॉसेज करायची, हे माझ्या नवऱ्याचं, कानियोचं काम. भरताना आमच्या सावीनोला तो दरवर्षी तेच सांगे, "हिला लुकानिका का म्हणतात? आपला मुलूख लुकानिया, म्हणून. रोमचे सैनिक आपल्याकडून ही करायला शिकले, आणि नावासकट घेऊन गेले."

"बाबा, गेल्या वर्षीही सांगितलंत."

"पुढच्या वर्षीही सांगेन. दोरा बांध गप."

सावीनो इटलीच्या उत्तरेला, मोंझाला गेला, सासऱ्याचं मांसाचं दुकान चालवू लागला. लग्नाचंसुद्धा आम्हाला मागाहून कळलं. शेवटी आम्हीच भेटायला निघालो. कानियोच्या बॅगेत कपडे कमी, लुकानिकाच जास्त.

दुकानात गर्दी होती. काचेमागे तशीच वेटोळी, वर पाटी 'लुगानेगा'. कानियोला कोण आनंद! शेजारच्या बाईला म्हणाला, "हा शब्द आमचा बरं का! लुकानियाचा. इथवर येताना जरा बोबडा झालाय, एवढंच."

बाई हसली. "काय हो सावीनो, आपली लुगानेगा दक्षिणेतली म्हणे! हे आजोबा तुमचे कुणी?"

सावीनो सुरी पुसत राहिला. "छे हो. गावाकडचे आहेत. माल घेऊन आलेत."

मी दारातूनच ऐकलं. कानियोने बॅग काउंटरवर ठेवली. "हो, माल द्यायला आलो होतो. येतो, मालक."

रस्त्यावर मी म्हटलं, "मागे फिर. कानाखाली वाजवते त्याच्या."

"नको, फिलोमेना. त्याला इथे राहायचंय, आणि दक्षिणेतल्यांना इथे कोण मान देतं?"

पुढच्या वर्षी कानियोने डुक्कर आणलंच नाही. सावीनोचे फोन यायचे, रडायचा. मी फोन पुढे केला की कानियो अंगणात निघून जायचा. द्राक्षं उतरायच्या आधीच तो गेला.

दफन झाल्यावर सावीनो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला. "आई, बाबांनी मला माफ केलं होतं ना?"

मी पाव कापला, त्याच्यापुढे सरकवला.

"खा," म्हटलं. "सकाळपासून उपाशी आहेस."