प्रेमिलाचं इंजिन

विज्ञान शिकवणाऱ्या दत्तोपंतांनी टेबलाभोवती आणखी एक फेरी मारली आणि त्यांचा संशय पक्का झाला. हे काही आठवीतल्या मुलीच्या हातचं काम नव्हे.

उद्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. प्रेमिलानं कोळशावर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचं मॉडेल आणलं होतं, वीतभर लांब, काळंभोर, प्लॅस्टिकचं. तिचा मामा जहाजावर नोकरीला. त्यानंच सुट्या भागांचा डबा आणून दिलेला. प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेला एकेक भाग कापून काढायचा, घासायचा आणि चिकटवायचा. पण कुठे गोंदाचा ओघळ नाही, की बोटाचा ठसा नाही. त्यात मुलीचा बाप अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारा इंजिन ड्रायव्हर!

गेल्या वर्षी एका वकिलाच्या मुलाचं धरण सुतारानं केलेलं निघालं. तेव्हापासून नियम झाला होता: दुसऱ्याचा हात लागलेली वस्तू बाद, आणि तसं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं. एकच गोष्ट दहादा समजावून सांगताना दत्तोपंत कधी थकत नसत. लबाडी मात्र त्यांना खपत नसे.

"खरं सांग बेटा, बाबांनी किती केलं?"

"काहीच नाही, सर. मीच केलं."

"मग बाबा काय करत होते?"

"पाहत होते. अन् हसत होते."

हसत होते? पोरीला खोटंही धड बोलता येत नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी फाटकाशी सायकल धरून उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना, आनंदरावांना, आत बोलावलं.

"लेकीसाठी कोणीही करतो, आनंदराव. कबूल करा."

"काहून कबूल करू जी? पोरगी मले डब्याले शिवू देत नव्हती."

"जन्मभर इंजिनं चालवलीत आणि घरात इंजिन तयार होताना नुसते बसून राहिलात?"

"लई जड गेलं, सर," आनंदराव म्हणाले आणि ओठ दाबून हसले.

ते हसू दत्तोपंतांना झोंबलं. त्यांनी इंजिन उचलून डोळ्यांपाशी धरलं. चाकाला जोडलेला दांडा या बाजूला अगदी खाली. त्यांनी इंजिन फिरवलं. त्या बाजूलाही अगदी खाली. त्यांनी ते पुन्हा फिरवून पाहिलं.

दरवर्षी ते फळ्यावर चित्र काढून शिकवत: दोन बाजूंचे दांडे पाव फेरीच्या फरकानं बसवतात. म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला, तरी दुसरी बाजू चाक ढकलते. ड्रायव्हरच्या हातून ही चूक झोपेतही व्हायची नाही.

"प्रेमिला, दोन्ही दांडे खालीच का लावलेस?"

"सारखे दिसावे म्हणून, सर. एक इकडे, एक तिकडे बरं नाही दिसत."

आता आनंदराव खदखदून हसले. "मले पयल्याच दिवशी दिसलं जी. पण बोललो असतो, तं मंग ते तिचं कुठं राहिलं असतं?"

दत्तोपंतांनी खडू घेऊन टेबलावरच चाकं काढली आणि प्रेमिलाला सारं समजावून सांगितलं. ती हिरमुसली.

"उखडून पुन्हा लावू काय?"

"आज नको. उद्या असंच मांड. लोकांनी विचारलं तर चूक कुठे आहे, तेही तूच सांग."

"अन् पहिला नंबर?"

"तो नाही मिळायचा." मग ते आनंदरावांकडे वळले. "मी उगाच संशय घेतला तुमच्यावर."

"मंग चहा पाजा," आनंदराव म्हणाले. "अन् पोरीले काही खाऊ घाला. सकाळपासून भीतीनं जेवली नाही ते."